डबा तोच, कोड तोच, तरी दरवाजा वेगळा का दिसतो?

चंदेरी गाडीच्या एका दरवाजाला नवा रंग मारला. समोर उभं राहून पाहिलं तर जुन्या-नव्यात काही फरक कळत नाही. चार पावलं सरकून कडेने नजर टाकली, की तोच दरवाजा काळपट आणि शेजारचा फेंडर (चाकावरचा पत्रा) उजळ. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवरूनच घेतलेला, मिश्रण काट्यावर ग्रॅममध्ये तोललेलं. अशा वेळी गाडीमालक रंग मिसळणाऱ्याला धारेवर धरतो. पण पुष्कळदा मिश्रण बरोबरच असतं, फरक पडलेला असतो तो फवारणीत.

साध्या लाल किंवा पांढऱ्या रंगातले कण प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतात, त्यामुळे कुठूनही पाहा, छटा जवळपास तीच. मेटॅलिक रंगात या कणांच्या जोडीला ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात. त्यांची रुंदी साधारण १० ते ४० मायक्रॉन, जाडी जेमतेम एखादा मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). प्रत्येक चकती म्हणजे एक चिमुकला आरसा. चकत्या पत्र्याला समांतर पडल्या तर समोरून आलेला प्रकाश समोरच परत जातो. रंग समोरून लख्ख आणि कडेने गडद दिसतो. त्याच चकत्या वेड्यावाकड्या पडल्या, तर समोरची चमक उतरते आणि कडेची बाजू उजळते. कोन बदलला की उजेड बदलण्याच्या या गुणाला रंगकामात ‘फ्लॉप’ म्हणतात. बॉनेटची वळणं उठून दिसतात ती त्याच्यामुळे, आणि दुरुस्तीत पेंटरच्या नाकी नऊ येतात तेही त्याच्यामुळेच.

या चकत्या आडव्या होतात कशा? चकत्या असलेला थर, म्हणजे बेस कोट, सुकल्यावर १५-२० मायक्रॉनच्या आसपास भरतो. मोठी चकती थराच्या जाडीपेक्षाही रुंद, तेव्हा सुकलेल्या थरात ती उभी राहूच शकत नाही. फवारताना मात्र थर कितीतरी जाड असतो, कारण त्यात बहुतांश थिनर किंवा पाणी असतं. ते उडून जाऊ लागलं की थर चेपत जातो आणि चकत्यांना खाली दाबत आडवं करतो. सगळा निकाल त्या थोड्या मिनिटांत लागतो. गन जवळ धरली, हात संथ फिरवला, थिनर सावकाश उडणारं घेतलं, तर रंग ओलाकच्च बसतो. चकत्यांना तरंगायला, वळायला वाव मिळतो, बऱ्याच तिरक्याच राहतात आणि रंग समोरून गडद दिसतो. गन लांब धरली, हवेचा दाब वाढवला किंवा दिवस उन्हाचा असला, तर बारीक थेंब वाटेतच बरेच सुकतात. मग चकत्या सपाट चिकटतात, रंग समोरून उजळ आणि कडेने काळपट दिसतो. थर कुठे ओला, कुठे कोरडा पडला तर ढगाळ चट्टे उमटतात. ते पुसट करायला शेवटी गन जरा दूर नेऊन एक हलका हात फिरवतात. तोही जास्त झाला की पॅनेल (दरवाजासारखा बॉडीचा एक सुटा भाग) पांढुरकं झालंच म्हणून समजा.

कारखान्यात हे काम रोबो करतात. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या कपातून रंगाचे थेंब विद्युतभारित होऊन उडतात आणि नंतर उघडी बॉडी १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली जाते. पूर्ण जोडलेल्या गाडीत वायरिंग आणि प्लास्टिक असल्याने दुरुस्तीच्या वेळी ६० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं. यंत्र वेगळं, थेंब वेगळे, सुकण्याची चाल वेगळी. शिवाय एकाच कोडच्या गाड्याही कारखान्यातून हुबेहूब सारख्या निघत नाहीत, म्हणून रंग कंपन्या एकाच कोडच्या थोड्या उजळ, थोड्या निळसर अशा उपछटा ठेवतात.

त्यातली कुठली घ्यायची हे ठरवायला हातात धरायचा स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. तो पत्र्यावर टेकवला की वेगवेगळ्या कोनांतून रंग मोजतो. उपयोगी चीज आहे, पण पेंटरचा हात त्याला मोजता येत नाही. त्यासाठी आधी रंगवून पाहायची नमुना-पट्टीच हवी: तीच गन, तोच दाब, तेवढेच हात आणि वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. क्लिअरशिवाय बेस कोट फिकट, कोरडा दिसतो आणि अंदाज हमखास चुकतो. पट्टी सुकल्यावर दिवसाच्या उजेडात गाडीला लावून समोरून आणि कडेने पाहायची, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात फारकत घेऊ शकतात. डबा तळापर्यंत ढवळणं हे तर सांगायलाच नको, चकत्या तळाशी बसतात.

इतकं करूनही दोन पॅनेलच्या फटीशी किंचित फरक उरतोच, आणि डोळा नेमका तिथेच अडकतो. त्यामुळे कसलेला पेंटर शेजारच्या फेंडरवर आणि मागच्या दरवाजावरही रंग विरळ करत नेतो. फरक तेवढाच राहतो, पण हातभर लांबीत पसरल्याने नजरेला सापडत नाही. क्लिअर मात्र त्या पॅनेलांवर पूर्ण मारतात, कारण ती मध्येच थांबवली तर पुढे तिथली कड उघडी पडण्याची भीती असते. ‘एकच दरवाजा खराब झालाय, तीन पॅनेलचे पैसे कशाला?’ हा गाडीमालकाचा प्रश्न स्वाभाविक आहे. साध्या पांढऱ्या गाडीला तो लागूही पडेल. चंदेरी रंगात तो निभत नाही, कारण तिथे फरक झाकायला दुसरा गडद रंगच नसतो.