दोन घोटांत भागणारी तहान

मे महिन्यातली दुपार, तीनचा सुमार. गल्लीत चिटपाखरू नाही. घरात कूलर घरघरतोय, ताट्यांमधून वाळ्याचा वास येतोय आणि बाबा पेपर छातीवर उघडा टाकून आरामखुर्चीत पेंगताहेत. वय ७८. मी माठातलं पाणी पेल्यात भरून त्यांच्या हातात देते. ते दोन घोट घेतात आणि पेला खाली ठेवतात. अर्ध्याहून जास्त पाणी तसंच.

"प्या न पूर्ण."

"तहानच नाही लागली बाप्पा. उगाच काय ढोसायचं?"

नागपुरातल्या ज्या ज्या घरात म्हातारं माणूस आहे, तिथे उन्हाळाभर हे भांडण चालतं. मी कित्येक वर्षं याला बाबांचा हट्टीपणा समजत होते. म्हाताऱ्या शरीरावर झालेलं संशोधन वाचायला लागले तेव्हा कळलं की बाबा शंभर टक्के खरं बोलत होते. त्यांना खरंच तहान लागलेली नव्हती, पाणी मात्र हवं होतं. या दोन गोष्टी एकच आहेत असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो.

१९८४ साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. ६७ ते ७५ वयाचे सात धडधाकट पुरुष घेतले आणि २० ते ३१ वयाचे सात तरुण. सगळ्यांचं पाणी २४ तास बंद. दुसऱ्या दिवशी वजन, रक्त, लघवी तपासली आणि विचारलं, किती तहान लागली आहे, तोंड किती कोरडं पडलंय? मग समोर पाणी ठेवलं आणि तासाभरात कोण किती पितं ते मोजलं. दोन्ही गटांच्या अंगातलं पाणी साधारण सारखंच घटलं होतं. रक्तातल्या सोडियमचं प्रमाण म्हाताऱ्यांमध्ये उलट जास्तच वाढलं होतं. तरुण घटाघटा प्यायले आणि त्यांचं रक्त पूर्वपदावर आलं. म्हातारे म्हणाले, तशी काही विशेष तहान नाही. थोडं पाणी प्यायले आणि थांबले. त्यांचं रक्त काही पूर्वपदावर आलं नाही.

सात आणि सात, म्हणजे प्रयोग केवढासा. त्यात एकही बाई नाही. पण त्याच्या तपशिलात एक मासलेवाईक गोष्ट आहे. अंगातलं पाणी कमी झालं की मेंदू व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडतो आणि त्यातून मूत्रपिंडांना निरोप जातो, 'पाणी राखून ठेवा, लघवी घट्ट करा.' हे संप्रेरक म्हाताऱ्यांच्या रक्तात तरुणांपेक्षा जास्त वाढलं होतं. म्हणजे पाणी घटल्याचं मेंदूला कळलं होतं, आणि चांगलंच कळलं होतं. पण त्यातून तहान जागी झाली नाही, आणि निरोप मिळूनही मूत्रपिंडांनी लघवी तरुणांइतकी घट्ट केली नाही. टाकी रिकामी होत असल्याचं पहारेकऱ्याला दिसतंय, पण त्याचा भोंगा वाजत नाही आणि नळही नीट बंद होत नाही, असा प्रकार.

दुसरा प्रयोग २००८ सालचा. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसांच्या शिरेतून खारट द्रव चढवला, मुद्दाम तहान लागावी म्हणून, आणि मेंदूच्या कुठल्या भागात रक्तप्रवाह वाढतो ते पेट स्कॅनवर बघितलं. एका बाजूला ६५ ते ७४ वयाचे लोक, दुसऱ्या बाजूला २१ ते ३० वयाचे. या वेळी तहान दोघांनाही लागली आणि मेंदूतले तेच भाग उजळले. मग म्हणाले, प्या आता पोटभर. म्हाताऱ्यांनी तरुणांच्या जवळपास निम्मंच पाणी प्यायलं. तेवढ्यातच त्यांच्या मेंदूतली तहानेची खळबळ शांत झाली होती.

हे समजून घ्यायचं तर तहान भागते कशी ते बघावं लागतं. प्यायलेलं पाणी आतड्यातून रक्तात पुरतं मिसळायला बराच वेळ लागतो, पण आपलं 'आहाहा' तर पेला तोंडाला असतानाच होतं. घसा आणि जठर गेलेल्या घोटांचा अंदाज घेतात आणि मेंदूला आधीच कळवून टाकतात की पाणी आलं, आता बस. तरुणपणी हा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो. वय झालं की घसा दोन घोटांचे चार सांगायला लागतो. बाबांनी अर्ध्यावर ठेवलेल्या पेल्याचं शास्त्र हे एवढंच.

मे २०२४ च्या अखेरीस रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं नागपूरचं तापमान ५६ अंश दाखवलं होतं, आठवतंय? व्हॉट्सॲपवर दोन दिवस नुसता धुमाकूळ. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. ५६ हा आकडाच इतका अचाट की यंत्रावर शंका घेणं सोपं गेलं. 'तहान नाही लागली' या वाक्यावर मात्र कोणाला शंका येत नाही, बोलणाऱ्यालाही नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही.

त्यात म्हाताऱ्या शरीरातली पाण्याची शिल्लकही कमी. तरुण पुरुषाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असतं. म्हातारपणी ते ५० टक्क्यांच्या आसपास येतं, कारण पाणी धरून ठेवणारे स्नायू झडतात. घाम गाळण्याचंही तसंच. घर्मग्रंथी असतात तिथेच, पण एकेक ग्रंथी पूर्वीइतका घाम सोडत नाही. कातडीकडे जादा रक्त पाठवून आतली उष्णता बाहेर टाकायची, तर तेवढी धाव हृदयाला झेपत नाही. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेनं सुमारे १५,००० जादा बळी घेतले. त्यात पंचाहत्तरी ओलांडलेले सर्वांत जास्त होते आणि कित्येक जण घरात एकटे होते.

बरं, पाणी कमी पडलंय हे वरून ओळखता येतं का? आपल्याकडे घरोघरी एक परीक्षा ठरलेली आहे. मनगटाची कातडी चिमटीत धरून सोडायची, ती सावकाश बसली तर पाणी कमी. लहान बाळाच्या जुलाबात ही खूण उपयोगाची आहे. पण सत्तरीतल्या माणसाची कातडी एरवीही सावकाशच बसते, तिच्यातला ताणच गेलेला असतो. कोक्रेन या संस्थेनं २०१५ साली या विषयावरचं उपलब्ध संशोधन एकत्र करून तपासलं. कोरडं तोंड, कातडीची चिमटी, लघवीचा रंग यांपैकी कुठल्याही एका खुणेवर म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत भरवसा ठेवण्यासारखा नाही, असा निष्कर्ष निघाला. खात्रीची तपासणी रक्ताची, त्यात विरघळलेल्या क्षार, साखर, युरिया अशा पदार्थांचं एकूण गाढेपण मोजायची. ते थेट मोजलं आणि ३०० च्या वर गेलं तर शरीर कोरडं पडलंय. थेट मोजायची सोय नसेल तर सोडियम, पोटॅशियम, साखर आणि युरिया या चार नेहमीच्या आकड्यांवरून अंदाज काढता येतो. म्हातारं माणूस अचानक गुंगीत असल्यासारखं वागू लागलं, बरळू लागलं, घरातल्या घरात वाट चुकू लागलं, तर 'वयामुळे होतं' म्हणून सोडून देऊ नये. मे महिन्यात तर मुळीच नाही.

आता गोळ्यांकडे येते. मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते.

ऐंशीनंतर रक्तदाब खाली आणावा की नको, यावर डॉक्टरांमध्ये बरीच वर्षं एकमत नव्हतं. म्हाताऱ्या नळ्यांना जरा जास्तच दाब लागतो, असा एक मतप्रवाह होता. त्याचं उत्तर २००८ साली 'हायव्हेट' या चाचणीनं दिलं. ८० आणि त्यापुढच्या वयाचे ३,८४५ लोक, निम्म्यांना इंडापामाइड ही गोळी, गरज पडली तर जोडीला दुसरी, आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषधाच्या गटात मृत्यू २१ टक्क्यांनी घटले आणि हृदय निकामी होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली. म्हणून 'आता या वयात कशाला गोळ्या' म्हणणाऱ्या नातेवाइकांचं माझ्यापुढे काही चालत नाही.

पण त्या चाचणीत कोणाला घेतलं, हेही बघायला हवं. उभं राहिल्यावर ज्यांचा वरचा दाब १४० च्या खाली जात होता, अशांना आधीच वगळलं होतं. त्या संशोधकांनी दाब बसवूनही मोजला आणि उभं करूनही. आपल्याकडे बाहेर वीस पेशंट ताटकळत असताना दाब बसल्या बसल्या एकदाच मोजला जातो. आणि इंडापामाइड ही मुळात लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांच्या जातीतली. आपल्या इकडे ज्या जोडगोळ्या सर्रास लिहिल्या जातात त्यांच्या नावापुढे पुष्कळदा 'एच' असतं. ते हायड्रोक्लोरोथायझाइड, त्याच जातीतलं. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तीही लघवीवाटे साखर काढताना सोबत पाणी काढते. जानेवारीत हे सगळं सुरळीत चालतं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की तीच गोळी, तेवढाच डोस, पण आतून सुकलेल्या शरीरावर पडतो. पहाटे बाथरूमला जायला उठले आणि भिंतीला धरत धरत खाली बसले, ही गोष्ट अशीच घडते.

घरी बीपीचं मशीन असेल तर हे तपासता येतं. पाच मिनिटं आडवं पडून दाब मोजायचा, मग उभं राहून एका मिनिटाला आणि तिसऱ्या मिनिटाला मोजायचा, शेजारी कोणीतरी उभं हवंच. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जायचं. स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही. ऊन तापायच्या आधी, एप्रिलच्या सुरुवातीलाच 'उन्हाळ्यात यातली कुठली कमी करायची का?' एवढं विचारलं तरी पुष्कळ. आमच्या डॉक्टरांनी बाबांची एक गोळी पावसाळ्यापर्यंत अर्धी केली. हा निर्णय त्यांचा, बाबांची तपासणी बघून घेतलेला.

पाणी किती प्यावं? म्हाताऱ्यांच्या पोषणाबद्दलच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसाला बायकांसाठी निदान १.६ लिटर आणि पुरुषांसाठी २ लिटर पेय असा आकडा आहे. तो तिकडच्या हवेतला. आपल्या उन्हात त्याहून जास्त लागतं. यात चहाही धरायचा, 'चहानं पाणी कमी होतं' ही भीती रोजच्या दोन-चार कपांसाठी निराधार आहे. मात्र हृदय किंवा मूत्रपिंड अधू असलेल्यांना डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलेलं असतं, त्यांनी तेच पाळायचं. आणि एच-वाली गोळी चालू असताना, मीठ तोडलेलं असताना, नुसतं साधं पाणी लिटरवारी रिचवलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं. त्यानंही माणूस बरळतो. दोन्ही टोकांना लक्षण एकच, म्हणून रक्त तपासल्याशिवाय निदान करायच्या भानगडीत पडू नये.

माझ्या एका मावशीला मात्र तहान लागायची. ती मुद्दाम प्यायची नाही. मे महिन्यातलं लग्न, मंगल कार्यालयात बायकांसाठी एकच संडास, तोही जिना उतरून, आणि गुडघे गेलेले. सकाळपासून तिनं पाण्याला तोंड लावलं नाही आणि अक्षतांच्या वेळी घेरी येऊन पडली. तिला 'पाणी पीत जा' सांगून उपयोग नव्हता, तिला कमोड जवळ हवा होता. प्रोस्टेटवाल्या काकांचंही हेच. रात्री चारदा उठावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी बंद. अशा माणसाचं पाणी सकाळी आणि दुपारी उरकलं तर रात्रीची झोपही सांभाळता येते.

शेवटी पंखा आणि कूलर. नागपुरात या विषयावर प्रत्येक जण तज्ज्ञ आहे, तरी दोन प्रयोग सांगते. हवा कातडीपेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा, गरम झाली की पंखा गार वारा देत नाही, गरम हवा अंगावर ढकलतो. तरी बरं वाटतं ते घाम उडतो म्हणून. २०१९ साली सिडनीत तरुणांवर प्रयोग झाला. ४० अंश आणि दमट हवेत पंख्यानं फायदा झाला, ४७ अंश आणि खडखडीत कोरड्या हवेत नुकसान. हे दुसरं वर्णन म्हणजे आपला मे महिना. आणि ही तरुणांची गोष्ट, ज्यांना घाम भरपूर येतो. २०१६ च्या एका अमेरिकी प्रयोगात साठी ओलांडलेल्यांना ४२ अंशांच्या खोलीत बसवून आर्द्रता वाढवत नेली, तेव्हा पंखा लावल्यावर त्यांच्या नाडीचे ठोके आणि आतलं तापमान, दोन्ही जास्त वाढले. उडवायला घामच पुरेसा नाही, तर पंखा करणार काय?

कूलर ही उणीव बाहेरून भरून काढतो, शरीराऐवजी ताट्या घाम गाळतात. हवा कोरडी आहे तोवर त्याला तोड नाही. मृगाच्या सरी पडल्या की तोच कूलर खोलीचं भपारा सुटलेलं न्हाणीघर करतो, खिडकी-दार उघडं नसेल तर जास्तच. ओल्या पंच्याचंही तसंच. डोक्यावर, हातांवर ओला पंचा घेऊन बसणारे आमचे आजोबा कातडीला उसना घाम देत होते. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवायच्या कांद्यामागे असं काही शास्त्र मला अजून तरी सापडलेलं नाही, पण आजोबांच्या खिशात तोही असायचा.

आता आमच्या घरी तहानेची चौकशी बंद केली आहे. पाणी घड्याळावर मिळतं, पेला लहान केलाय, आणि दुपारी तीनला मठ्ठा. भाजलेलं जिरं, कोथिंबीर, मीठ अगदी चिमूटभर. काल पेला तळापर्यंत रिकामा झाला.

"तहान लागली होती वाटतं?"

"नाही," बाबा मिशी पुसत म्हणाले, "मठ्ठा चांगला होता. आहे का अजून?"