द्विध्रुवी मनोविकार आणि विद्यार्थी (खान्देश)

उन्माद (अतिउत्साह) व अवसाद (खोल खिन्नता) या दोन टोकांच्या मनोवस्था आलटूनपालटून येणारा, बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत प्रकटणारा मनोविकार. मधल्या काळात विद्यार्थी बव्हंशी पूर्ववत असतो. म्हणून शाळेत हा आजार ‘उनाडपणा’ किंवा ‘आळस’ ठरतो.

‘उन्माद’ ही संज्ञा जुनी आहे. चरकसंहितेत त्याचे पाच, सुश्रुतसंहितेत सहा प्रकार येतात. मात्र तेथील अर्थ बराच व्यापक असल्याने आजच्या विकाराशी त्याचे समीकरण मांडणे धाडसाचे ठरेल. ग्रीक वैद्य अरीटियस (साधारणतः इ. स. पहिले वा दुसरे शतक) याने विषण्णता व उन्माद यांचा संबंध सांगितला. आधुनिक वर्णन प्रथम कोणी केले यावरून १८५४ मध्ये पॅरिसमध्ये फालरे व बेयार्जे या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञांत वाद झाला. बेयार्जे यांचा भर एकाच झटक्यातील दोन रूपांवर होता, तर फालरे यांनी मधला स्वस्थ काळही चक्रातच धरला. शिक्षकाला फालरे यांची मांडणी अधिक उपयोगी पडावी. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये दोन्ही अवस्था एका आजारात आणल्या. जर्मन मनोविकारतज्ज्ञ लेओनहार्ट यांनी १९५७ मध्ये एकध्रुवी (एकाच टोकाचा) व द्विध्रुवी (दोन्ही टोकांचा) हा भेद केला.

सर्वांत बोलके लक्षण झोपेचे. परीक्षेसाठी जागलेला मुलगा सकाळी पेंगतो. उन्मादातला दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, अखंड बोलतो, अवास्तव बेत आखतो. हे आठवडाभर टिकले तर उन्मादाची शंका घ्यावी. अवसाद किमान दोन आठवड्यांचा. पुष्कळदा तोच आधी येतो आणि निव्वळ नैराश्य समजला जातो. अशा वेळी केवळ नैराश्यरोधक औषधाने उन्माद उफाळू शकतो, म्हणून जुन्या झटक्यांची माहिती डॉक्टरांना द्यावीच. निदान शिक्षकाने करू नये. तारखा व झोपेचे तास टिपावेत. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळांत मूल घरापासून दूर राहते. तेथे ही नोंद वसतिगृहाच्या अधीक्षकांनाच शक्य आहे. भिली वा पावरी बोलणारे मूल ‘उदास’ म्हणेलच असे नाही. अंग जड झाल्याचे सांगेल. श्रावणात खान्देशातील कानबाई देवीच्या जागरणालाही अशा मुलाला वेळेवर झोपू द्यावे.

लिथियमचा उन्मादावरील उपयोग ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञ केड यांनी १९४९ मध्ये दाखविला. या औषधाने तहान व लघवी वाढते. शरीरातले पाणी घटले की रक्तातील मात्रा चढून विषबाधा होऊ शकते. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा वर्गात पाण्याची बाटली आणि विनाप्रश्न बाहेर जाण्याची मुभा ही सवलत नव्हे, उपचाराचाच भाग होय. हात थरथरणे, उलट्या, अडखळती चाल दिसताच रुग्णालय गाठावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश असून परीक्षेत जादा वेळेची तरतूद आहे. आत्महत्येचा विचार बोलून दाखविणाऱ्यास एकटे सोडू नये. टेलि-मानस ही शासकीय मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवा (१४४१६) दिवसरात्र चालू असते.