पाऊण सेकंदासाठी एक लाल टिकली

कीबोर्डवरून हात उचलून माउसवर न्यायला साधारण पाऊण सेकंद लागतो. परत यायला जवळपास तेवढाच. हा आकडा टेड सेल्कर या संशोधकाच्या वाचनात आला आणि डोक्यात घर करून बसला. बोटं जागची न हलवता पडद्यावरचा बाण हलवता आला तर? पुढे आयबीएम या अमेरिकन संगणक कंपनीत त्याने जी, एच आणि बी या तीन बटणांच्या बेचक्यात एक बारीकशी घुंडी बसवली.

ऑक्टोबर १९९२ मध्ये आयबीएमचा थिंकपॅड ७००सी हा लॅपटॉप जाहीर झाला, तो ही घुंडी घेऊनच. पडदा १०.४ इंची रंगीत, किंमत ४,३५० डॉलर. काळ्या चौकोनी रूपाची कल्पना मिलानमध्ये राहणाऱ्या रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरची. जेवणाचा जपानी बेंटो डबा त्याच्या नजरेसमोर होता: बाहेरून साधा, आतलं सगळं झाकण उघडल्यावरच कळणार. घुंडी लालच हवी, हा त्याचा हट्ट. पण कंपनीच्या नियमांत लाल रंग यंत्रं तातडीने बंद करायच्या बटणासाठी राखीव! मग कागदोपत्री तिचा रंग ‘मॅजेंटा’ झाला. कचेरीत मुरलेल्या कुठल्याही कारकुनाने या पळवाटेला दाद दिली असती.

गंमत म्हणजे ही टिकली जवळजवळ हलतच नाही. तिच्या बुडाशी ताण मोजणारे संवेदक असतात. बोटाने दाबलं की ते केसभर वाकतात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून दाब किती व कुठल्या दिशेने, हे कळतं. माउस जितका सरकवाल तितका बाण सरकतो. इथे मात्र दाब ठरवतो तो बाणाचा वेग. म्हणून नवख्या माणसाचा बाण आधी पडद्याच्या कडेला जाऊन आपटतो. कधीकधी हात न लावताही बाण आपला हळूहळू सरकत राहतो, कारण यंत्राने शून्य दाब चुकीचा धरलेला असतो. अशा वेळी त्याच्याशी झटापट करू नये. बोट काढून दोन-चार सेकंद थांबावं, तो स्वतःच भानावर येतो.

बोटांचे याहून मोठे लाड १९९५ च्या थिंकपॅड ७०१सी ने केले. मिटलेला लॅपटॉप जेमतेम ९.७ इंच रुंद, पण झाकण उघडताच कीबोर्डचे दोन तुकडे एकमेकांवरून तिरके घसरत शेजारी येऊन बसत आणि ११.५ इंचांचा ऐसपैस कीबोर्ड तयार होई. आयबीएमचा अभियंता जॉन कॅरिडिस याला ही युक्ती मुलीच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांवरून सुचली. दुर्दैव असं, की लवकरच पडदे रुंदावले, त्यांच्याबरोबर लॅपटॉपही, आणि घडीची गरजच संपली. ते यंत्र आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

२००५ मध्ये आयबीएमचा पीसी व्यवसाय लेनोव्हो या चिनी कंपनीकडे गेला. टिकली टिकली. २०२५ च्या थिंकपॅड एक्स९ वर मात्र ती नाही. बाण हलवायला बोटं खाली टचपॅडवर न्यावी लागतात.