डिस्कचा सातबारा

मॅकच्या टर्मिनलमध्ये 'डिस्कयुटिल रिपेअरडिस्क' अशी आज्ञा दिली की काम सुरू होण्याआधी एक प्रश्न समोर येतो. पार्टिशन मॅप दुरुस्त करताना अमुक पार्टिशन पुसलं जाऊ शकतं, पुढे जायचं का? उत्तरासाठी कंसात दोन अक्षरं असतात, लहान वाय आणि मोठा एन. नुसतं एंटर दाबलं तर मोठ्या अक्षराचं उत्तर धरलं जातं, म्हणजे 'नको'. डॉक्टरनेच दारात उभं राहून 'ऑपरेशन राहू द्या' म्हणावं तसला हा प्रकार. या सावधगिरीमागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. त्यात मॅप आपणहून बिघडल्याने जेवढं नुकसान झालं, त्याहून जास्त तो घाईने 'नीट' केल्याने झालं असं माझं मत आहे.

डिस्कच्या जागेचे वाटे म्हणजे पार्टिशन, आणि पार्टिशन मॅप म्हणजे डिस्कचा सातबारा. कुठल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरच्या जागेचा सगळ्यात छोटा तुकडा) कुठल्या सेक्टरपर्यंतची जागा कोणाची आणि तिथे कुठलं पीक, म्हणजे कुठली फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत), एवढीच नोंद त्यात असते. तुमचे फोटो, हिशेब, पत्रं त्यात नसतात. तलाठ्याच्या दप्तराला आग लागली म्हणून शेत जळत नाही. पण दप्तर जळालंय म्हणून कोणी घाईघाईने चुकीच्या हद्दी लिहून दिल्या आणि शेजाऱ्याने त्यावर नांगर घातला, तर मात्र शेत जातं.

सुरुवात १९८३ सालची. आयबीएमने पीसी एक्सटी बाजारात आणला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. सोबत डॉस २.० आणि एफडिस्क नावाचा छोटा प्रोग्रॅम. आज एखाद्या फोटोलाही १० एमबी पुरत नाहीत, पण तेव्हा ती एवढी मोठी जागा वाटत होती की तिचे वाटे करायची सोय हवी होती. वाटे का, तर एकाच डिस्कवर डॉसबरोबर दुसरी एखादी ऑपरेटिंग सिस्टिमही नांदावी म्हणून. चार वाटे पुरतील असं धरलं गेलं. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या कोडसाठी, ६४ बाइट चार नोंदींसाठी, आणि शेवटी ५५ एए ही दोन बाइटची खूण. यालाच मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात.

एक नोंद १६ बाइटची. विंडोज एक्सपीच्या काळातल्या डिस्कवर ती हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायाच्या अंकांत, साधारण अशी दिसायची: ८० ०१ ०१ ०० ०७ एफई एफएफ एफएफ ३एफ ०० ०० ००, आणि पुढे आकाराचे चार बाइट. पहिलं ८० म्हणजे 'इथून बूट करा'. ०७ म्हणजे बहुतेक वेळा विंडोजची एनटीएफएस फाइल सिस्टिम, तिथे ८३ असतं तर लिनक्स. ३एफ म्हणजे ६३, पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरचा क्रमांक (मोजणी शून्यापासून). म्हणजे मॅपनंतरचे ६२ सेक्टर पडीक, आणि पडीक जमिनीवर अतिक्रमण व्हायचंच. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारे बूटलोडर तिथे बसले, व्हायरसही बसले.

या रचनेतली खरी अडचण अशी की एकच गोष्ट तिच्यात दोनदा लिहिलेली आहे. मधले तीन-तीन बाइट पार्टिशनची सुरुवात आणि शेवट सिलिंडर, हेड, सेक्टर या डिस्कच्या यांत्रिक रचनेवर बेतलेल्या जुन्या भाषेत सांगतात. शेवटचे आठ बाइट तीच माहिती सरळ क्रमांकात देतात. जुन्या भाषेत १०२३ व्या सिलिंडरच्या पुढे मोजताच येत नाही, म्हणून मोठ्या डिस्कवर तिथे एफई एफएफ एफएफ असा 'इथून पुढचं विचारू नका' छापाचा मजकूर येतो. एकाच उताऱ्यावर तीच हद्द एकदा फुटांत आणि एकदा मीटरमध्ये लिहिलेली, आणि दोन्ही जुळतात की नाही हे तपासणारं कोणी नाही. मॅपची दुसरी प्रत नाही, चेकसमही (मजकूर बदलला का ते पकडणारी पडताळणीची संख्या) नाही. एक बाइट बदलला तर तो बदलला आहे हे कळायची सोयच नव्हती.

चार वाटे लवकरच अपुरे पडले. १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये 'एक्स्टेंडेड' पार्टिशन आलं. चारपैकी एक नोंद पुढच्या एका छोट्या मॅपकडे बोट दाखवते, तो मॅप त्याच्या पुढच्याकडे, अशी साखळी. आपल्याकडे कोपऱ्यावरचा असेंबलर जे सी, डी, ई ड्राइव्ह पाडून द्यायचा, त्यातले डी आणि ई बहुधा याच साखळीतले. 'सीमध्ये विंडोज, डीमध्ये तुमचा डेटा, विंडोज गेलं तरी डीला हात लागत नाही' हे त्याचं वाक्य फॉरमॅटपुरतं बरोबर होतं. पण साखळीची पहिली कडी त्याच एकुलत्या सेक्टरमध्ये अडकवलेली होती. तो सेक्टर गेला की सी, डी, ई तिन्ही एकदम गायब.

आणि तो सेक्टर जायला लागला. स्टोन्ड हा १९८७ साली न्यूझीलंडमध्ये निघालेला व्हायरस मूळ सेक्टर उचलून पडीक जागेतल्या सातव्या सेक्टरमध्ये ठेवायचा आणि स्वतः पहिल्या जागी बसायचा. त्याच्यावरचा उपाय सोपा होता: सातव्यातलं पहिल्यात परत आणा. डॉस ५ पासून एफडिस्कला '/एमबीआर' असा कागदोपत्री न सांगितलेला पर्याय मिळाला. तो फक्त ४४६ बाइटचा कोड ताजा लिहायचा, मॅपला सहसा धक्का लावत नसे. गल्लोगल्ली तो रामबाण झाला. मग स्टोन्डच्याच कुळातला मंकी आला. त्याने मूळ सेक्टर नुसता हलवला नाही, सांकेतिक करून ठेवला. व्हायरस मेमरीत असेपर्यंत तोच खरा मॅप उलगडून दाखवायचा, त्यामुळे सगळं ठीक दिसायचं. स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू केला की सी ड्राइव्ह सापडतच नसे. अशा वेळी रामबाण सोडला की व्हायरस मरायचा, आणि मॅप कुठे नि कसा लपवलाय हे ठाऊक असणारा एकमेव साक्षीदारही त्याच्याबरोबर जायचा. शिवाय शेवटची ५५ एए खूण बिघडलेली असली तर हाच पर्याय मॅपचे ६४ बाइटही शून्य करून टाकायचा. रोग व्हायरसचा, पण मरण औषधाने.

२६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच व्हायरसने जगभर हैदोस घातला. तो डिस्कच्या सुरुवातीपासून सुमारे १ एमबी शून्यांनी भरून टाकायचा. मॅप गेला, सी ड्राइव्हचं बूट सेक्टर गेलं, फाइलींच्या नोंदवहीची म्हणजे फॅटची पहिली प्रतही बरीचशी गेली. पण फॅटच्या दोन प्रती ठेवायची पद्धत जुनीच होती. मोठ्या फॅट३२ पार्टिशनवर दुसरी प्रत त्या १ एमबीच्या पलीकडे असल्याने ती वाचली. डी आणि ईचे साखळीतले छोटे मॅप तर जागच्या जागी होते. हे ओळखून ज्यांनी थांबून हद्दी पुन्हा शोधल्या त्यांना बहुतेक सगळं परत मिळालं. ज्यांनी 'डिस्क रिकामी दिसतेय' म्हणून फॉरमॅट मारला, त्यांच्या नोंदवहीच्या वाचलेल्या प्रतीवरही पाणी फिरलं.

हद्दी पुन्हा शोधायच्या कशा? मोजणीवाले बांध आणि खुणेचे दगड बघतात तसंच. प्रत्येक फाइल सिस्टिम स्वतःची ओळख जमिनीतच पुरून ठेवते. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं, फॅट३२ क्रमांक ६ च्या सेक्टरमध्ये, आणि लिनक्सचं एक्स्ट ठरलेल्या अंतरांवर सुपरब्लॉकच्या, म्हणजे स्वतःच्या मुख्य नोंदीच्या, प्रती पेरत जातं. क्रिस्तोफ ग्रनिए या फ्रेंच प्रोग्रॅमरचं टेस्टडिस्क हेच करतं: डिस्क चाळून दगड शोधतं आणि त्यावरून मॅप मांडतं. मला त्यातली सर्वांत आवडती कळ 'पी'. सापडलेल्या पार्टिशनवर ती दाबली की आतल्या फाइलींची यादी दिसते. ओळखीची फोल्डरं दिसली तर हद्द बरोबर. नाही दिसली तर काहीच बिघडलेलं नाही, कारण तोवर डिस्कवर एक बाइटही लिहिलेला नसतो.

दोन भाषांमधल्या उताऱ्याचं भांडण २००४ साली उघड्यावर आलं. लिनक्सच्या २.६ कर्नलने, म्हणजे गाभ्याने, हेडची संख्या बायोसला (संगणक सुरू होताच चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमला) विचारणं सोडून दिलं. फेडोरा कोअर २ च्या इन्स्टॉलरने त्यामुळे कित्येक डिस्कना २५५ ऐवजी १६ हेड आहेत असं मानलं आणि जुन्या भाषेतले आकडे त्या हिशेबाने नव्याने लिहिले. सरळ क्रमांक तसेच राहिले. लिनक्स सरळ क्रमांक वाचतं, ते मजेत चालू. त्याच डिस्कवरचं विंडोज बूट करताना जुनी भाषा वाचायचं, ते तिथेच थिजलं. डेटा शंभर टक्के शाबूत होता. एसएफडिस्क या लिनक्सच्या हत्याराने मॅप मजकूर म्हणून उतरवून, २५५ हेड सांगून परत लिहिला की काम होत होतं. तेवढं कळेपर्यंत किती जणांनी विंडोज नव्याने टाकलं असेल, देव जाणे.

ॲपलने स्वतःची वेगळी वाट धरली होती. पार्टिशन मॅप हा शब्दप्रयोग मुळात तिकडचाच. १९८७ च्या मॅकिंटॉश टूपासून आलेल्या त्या रचनेत एकेका नोंदीला पूर्ण ५१२ बाइट, नाव आणि प्रकार चक्क शब्दांत, आणि मॅपमध्ये स्वतः मॅपचीही एक नोंद. नीटनेटकं काम, पण प्रत मात्र तिथेही एकच.

दुसरी प्रत आली ती इंटेलच्या इटॅनियमबरोबर. त्या प्रोसेसरसाठी बायोसच्या जागी ईएफआय रचताना डिस्कचा मॅपही नव्याने आखला गेला. त्याचं नाव जीपीटी. पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या पद्धतीची एकच खोटी नोंद, प्रकार ईई, म्हणजे जुन्या हत्यारांना सगळी डिस्क भरलेली दिसावी आणि त्यांनी हात लावू नये. त्यानंतर शीर्षक, मग १२८ नोंदींची जागा. या सगळ्याची दुसरी प्रत डिस्कच्या दुसऱ्या टोकाला. शिवाय शीर्षकाचा आणि नोंदींचा वेगवेगळा सीआरसी चेकसम. जुन्या रचनेत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असल्याने २.२ टीबीच्या पुढे मोजता येत नव्हतं, तीही अडचण गेली. २००६ च्या इंटेल मॅकनी जीपीटी घेतलं, आणि विंडोज ८ च्या सुमारास नवे पीसी सर्रास त्यावर आले. सुरुवातीच्या प्रश्नातलं 'अमुक पार्टिशन' म्हणजे इंटेल मॅकवर बहुधा २०० एमबीचं ईएफआय पार्टिशन. त्यात तुमचं काही नसतं, पण काहींनी तिथे दुसरा बूटलोडर बसवलेला असतो.

दोन प्रती झाल्याने 'मॅप बिघडलाय' हे आता खात्रीने कळतं. नवा प्रश्न असा की खरी प्रत कुठली? जीपीटी असलेली डिस्क कोणी जुन्या हत्याराने पुसून जुन्या पद्धतीने वाटली, तर सुरुवातीची प्रत जाते आणि शेवटच्या टोकाची शिळी प्रत तशीच पडून राहते, चेकसमसकट ठणठणीत. लहान डिस्कची हुबेहूब नक्कल मोठ्या डिस्कवर केली की दुसरी प्रत टोकाला न राहता मध्येच कुठेतरी अडकते. म्हणून रॉडरिक स्मिथचं जीडिस्क दोन्ही पद्धतींचे मॅप सापडले तर स्वतः निर्णय घेत नाही. कुठला धरू, असं विचारतं. आणि 'डब्ल्यू' दाबेपर्यंत सगळं मेमरीतच ठेवतं, 'क्यू' दाबलं की काही झालंच नाही.

पार्टिशन सरकवणाऱ्या हत्यारांची गोष्ट वेगळी. नव्वदच्या दशकातल्या पार्टिशनमॅजिकपासून पुढे ती नुसता उतारा बदलत नाहीत, शेतातली माती उचलून पलीकडे नेऊन टाकतात. निम्मी माती नेल्यावर वीज गेली की हद्द ना इकडची राहते ना तिकडची. आपल्याकडे लोडशेडिंगच्या वर्षांत हे काम हाती घेणारा माणूस आधी यूपीएसच्या बॅटरीचं वय विचारायचा.

यातून तयार झालेला कारागिरांचा रिवाज थोडक्यात असा. डिस्क स्वतःच मरायला टेकली आहे का, हे आधी स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, आकड्यांवरून बघायचं. मग डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर सेक्टर-सेक्टर नक्कल, आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या नक्कलेवर. आहे तो मॅप, बिघडलेला का असेना, फाइलमध्ये उतरवून दुसरीकडे ठेवायचा. 'इनिशियलाइझ करू का', 'फॉरमॅट करू का' अशा विंडोजच्या आपुलकीच्या प्रश्नांना नाही म्हणायचं. एसएसडीवर तर दुप्पट ठामपणे, कारण तिथे फॉरमॅट करताना ट्रिमची, म्हणजे 'ही जागा रिकामी समजा' अशी, आज्ञाही जाते आणि मग खुणेचे दगडही उरत नाहीत.

ओळखीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरची ३ टीबीची बाहेरची डिस्क माझ्याकडे आली ती याच प्रश्नापाशी अडकून. डबीचं सर्किट जळालं होतं. दुकानदाराने आतली डिस्क काढून थेट डेस्कटॉपला जोडली, तर ३ टीबीच्या जागी ३७५ जीबीचं अनोळखी पार्टिशन दिसलं. 'मॅप करप्ट आहे, फॉरमॅट करावी लागेल' असं निदान झालं. ३ टीबीचा बरोबर आठवा भाग, हे बघून शंका आली. ३२ बिटांचं विंडोज एक्सपी जीपीटी वाचू शकत नसे. त्याला मोठ्या डिस्क दिसाव्यात म्हणून त्या काळातल्या कित्येक डब्या ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचा सेक्टर असल्याची बतावणी करायच्या. मॅपमधले आकडे त्या मापाने लिहिलेले. डबी काढली की मोजपट्टी बदलते, आकडे तेच राहतात आणि सगळं आठ पटीने चुकतं. जुन्या बाजारातून त्याच जातीची डबी शोधायला चार दिवस गेले. डिस्क तिच्यात बसवली, केबल लावली आणि सात वर्षांची लग्नं तारीखवार फोल्डरांत उभी राहिली. मॅपला कोणी हातही लावला नव्हता.