गाडीत झोपणं वेगळं, गाडीशेजारी तंबू ठोकणं वेगळं

थंडी पडली की जळगाव-धुळ्याकडची जोडपी सहज बोलून जातात, "या शनिवारी गाडी काढू आणि कुठंतरी मुक्काम करू." बेत चांगलाच आहे, पण त्यात दोन निराळे मुक्काम दडलेले असतात. मागची सीट पाडून गाडीतच झोपायचं, हा एक. गाडी बाजूला उभी करून तंबूत, नाहीतर डिक्कीच्या दाराला ताडपत्री बांधून जमिनीवर झोपायचं, हा दुसरा. गाडी तीच, सामानही जवळपास तेच, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात आणि एकाची तयारी करून दुसऱ्यात शिरतात. पहिल्यात गाडी ही खोली असते. दुसऱ्यात ती नुसतं कपाट आणि वाऱ्याचा आडोसा.

खोली करायची तर आधी तळ सपाट हवा. छोट्या हॅचबॅकची सीट पाडली तरी पाठीचा भाग उंच राहतो, डिक्कीचा तळ खाली जातो आणि पुढच्या सीटमागे पायाचा खड्डा उरतो. आम्ही त्या खड्ड्यात कपड्यांच्या बॅगा दाबून बसवतो, वर प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर गोधड्या. पुढच्या सीट शक्य तितक्या पुढे सरकवायच्या, डोकी त्या बाजूला आणि पाय डिक्कीकडे. गाडी थोडी जरी उतारावर असली तरी डोक्याची बाजू चढाला हवी, नाहीतर सकाळी डोकं जड होतं.

गाडीत खरा प्रश्न थंडीपेक्षा ओलीचा असतो. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर पाणी सहज बाहेर पडतं आणि ते गार काचेवर, पत्र्यावर जमतं. पहाटे छतावरून थेंब पडायला लागले की लोकांना वाटतं गाडी गळतेय. उपाय सोपा आहे: समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं खाली ठेवायच्या. डास येतील ही भीती रास्त आहे, त्यासाठी मच्छरदाणीचं कापड दाराच्या वरच्या चौकटीवर पांघरायचं आणि दार त्यावरच लावून घ्यायचं. कापड ताणलेलं राहतं, काच मोकळी राहते. बाकीच्या काचांना त्यांच्या मापाचे पुठ्ठे कापून लावले की थंडीही अडते आणि आडोसाही होतो.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. गाडीच्या आत शेगडी, कोळसा, स्टोव्ह काही म्हणजे काही पेटवायचं नाही. इंजिन चालू ठेवून हीटर किंवा एसी लावूनही झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. काचा दोन बोटं खाली आहेत म्हणून याबाबत निर्धास्त राहू नये. गाडीच्या बॅटरीवर रात्रभर दिवा-पंखाही नको. ती इंजिनला एकदा जोराचा झटका द्यायला बनवलेली असते, हळूहळू पूर्ण उतरवली तर खराब होते. पॉवर बँकेवरचा छोटा पंखा आणि टॉर्च पुरतात.

तंबूचं गणित जमिनीवर चालतं. खानदेशातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात खुंट्या धरत नाहीत. सातपुड्याच्या किंवा अजिंठ्याच्या डोंगरात चार बोटांखाली कातळ लागतो, तिथे खुंटी शिरतच नाही. मग दोऱ्या मोठ्या दगडांना किंवा गाडीच्या चाकांना बांधायच्या. सगळ्यात चांगली जागा म्हणजे ओळखीच्या शेतातलं खळं: चोपलेलं, सपाट, गवत नसलेलं, त्यामुळे विंचू-साप आले तरी दिसतात. तंबूत गारवा खालून येतो, हे गाडीत झोपणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. अंगावर दोन रजया आणि खाली एकच चादर, तर रात्र कुडकुडत जाते. जास्त जाड अंथरूण खाली हवं.

मग निवड कशी करायची? ती महिन्यावर आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, वारं बोचरं असतं, तेव्हा मी गाडी निवडेन. पत्रा गार पडतो खरा, पण वारा अडतो. मार्चनंतर मात्र गाडी नकोच. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दिवसभर तापलेली गाडी रात्रीही लवकर निवत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, झोपायची पद्धत पडली ती उगाच नाही. तेव्हा चारी बाजूंनी जाळी असलेला तंबू, वरचं कापड काढून, किंवा सरळ खाट आणि मच्छरदाणी.

अवकाळी पावसाचं मात्र वेगळं आहे. फेब्रुवारीपासून कधीही वीज-गारांसह तो येतो. विजेत तंबू काहीच वाचवत नाही. पत्र्याच्या छताची बंद गाडी वाचवते, कारण वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते. ढग गडगडले की तंबू आहे तसा सोडून गाडीत बसायचं, काचा लावायच्या आणि धातूला हात लावायचा नाही.

रात्री अचानक निघावं लागलं तर गाडीत झोपणारे दोन मिनिटांत रस्त्याला लागतात. डिक्कीला ताडपत्री बांधलेली असेल तर आधी गाठी सोडत बसावं लागतं. दोघंच असताना ही गोष्ट मला फार मोठी वाटते. म्हणून ताडपत्री बांधायची तर ओढली की सुटेल अशी फासगाठ मारावी, आणि गाडीचं तोंड आधीपासून रस्त्याकडे ठेवावं.

जंगलाच्या हद्दीत मात्र हा फरक कामाला येत नाही. "तंबू कुठे ठोकलाय, आम्ही तर गाडीतच झोपलोय" असं वनरक्षकाला सांगून भागत नाही. चाळीसगावजवळची पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येते, सातपुड्यात यावलचं अभयारण्य आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, आग लावायलाही बंदी आहे. भरताची वांगी काड्यांवर भाजायची असतील तर शेतातच भाजावीत, तीही मालकाला विचारून. पाटणादेवीच्या बाजूच्या गावात अंधारात गाडी उभी दिसली की कुणीतरी टॉर्च मारत येतंच, "आठे काय करी ऱ्हायनात भाऊ?" दिवस मावळायच्या आत गावात जाऊन, दोघांनीही तोंड दाखवून सांगितलेलं असलं, तर तोच माणूस पाणी कुठं मिळेल ते सांगतो.