अमेरिकेतील ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’ : पात्रता, कागदपत्रे आणि वाद

कमी कमाईच्या कामगारांसाठी अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १९७५ साली ही करसवलत सुरू केली. आपल्याकडे प्राप्तिकरातील कलम ८७अ ची सूट कर शून्यावर आला की संपते; येथे सवलत करापेक्षा जास्त निघाली, तर उरलेली रक्कम परतावा म्हणून हातात पडते.

उत्पन्न पगाराचे किंवा स्वतःच्या व्यवसायाचे असावेच लागते, आणि व्याज-लाभांशासारखे उत्पन्न २०२४ या करवर्षासाठी ११,६०० डॉलरच्या आत असणे आवश्यक होते. विवरणपत्र संयुक्त असेल तर पती-पत्नी दोघांकडेही नोकरीसाठी वैध सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा; आयटीआयएन (असा क्रमांक मिळू न शकणाऱ्यांना फक्त करासाठी दिला जाणारा क्रमांक) चालत नाही, त्यामुळे कामाचा परवाना नसलेल्या एच-४ (अवलंबित) व्हिसाधारक जोडीदारासह भरलेला दावा, उत्पन्न मर्यादेत असूनही, येथेच अडतो.

वादाचे मूळ मुलांच्या अटीत आहे. २०२४ साठी तीन किंवा अधिक मुले असणाऱ्यास कमाल ७,८३० डॉलर होते, तर मूल नसलेल्या, २५ ते ६४ वर्षे वयाच्या कामगारास अवघे ६३२. ही दरी २०२१ मध्ये एका वर्षापुरती कमी करून मूल नसलेल्यांची कमाल रक्कम १,५०२ डॉलर केली गेली, पण पुढे ती टिकली नाही. सवलत काम करणाऱ्यालाच मिळते म्हणून दोन्ही पक्षांतून तिला पाठिंबा मिळत आला. टीकाकार मात्र चुकीने दिल्या जाणाऱ्या रकमांवर बोट ठेवतात. या सर्व चुकांना लबाडी म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण नियमच किचकट आहेत.

मूल १९ वर्षांखालील, पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास २४ खालील, किंवा कायमचे व पूर्णतः अपंग असल्यास कोणत्याही वयाचे चालते. मात्र वर्षातील निम्म्याहून अधिक काळ ते अर्जदाराबरोबर अमेरिकेत राहिलेले असावे लागते. एका मुलावर एकाच व्यक्तीला दावा करता येतो, म्हणून आई आणि आजी एकाच घरात असतील तर विवरणपत्र भरण्यापूर्वीच ते ठरवून घ्यावे.

वेगळा अर्ज नाही. फॉर्म १०४० हे नेहमीचे विवरणपत्र भरावे, मुले असल्यास त्यांची माहिती देणारे शेड्यूल ईआयसी जोडावे आणि डब्ल्यू-२ (पगाराचा दाखला) किंवा १०९९ (पगाराव्यतिरिक्त उत्पन्नाचा दाखला) हाताशी ठेवावे. वास्तव्याचा पुरावा सहसा आधी मागत नाहीत. चौकशी आल्यास शाळेचे, डॉक्टरांचे किंवा घरमालकाचे पत्र लागते, ज्यात मुलाचे नाव, पत्ता आणि राहिल्याच्या तारखा स्पष्ट असाव्यात. २०१५ च्या कायद्यामुळे परतावा फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी मिळत नाही. बेफिकिरीने केलेल्या चुकीच्या दाव्यास दोन, तर फसवणुकीस दहा वर्षांची बंदी आहे. हक्क असूनही दावा राहून गेला असल्यास साधारणतः तीन वर्षांपर्यंत मागील विवरणपत्र भरून किंवा दुरुस्त करून तो मागता येतो.