ओरिजिनल की जेन्युइन? लाल चाकूच्या दोन घराण्यांची गोष्ट

माझ्या टेबलावर आत्ता दोन लाल चाकू आहेत. एक काकांनी कॉलेजात असताना दिलेला. दुसरा पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजलेले पाने आणि बंद घड्याळं यांच्या ढिगात सापडलेला. विकणारा म्हणाला, “स्विस आहे साहेब, एकदम ओरिजिनल.” माल स्विस होता, त्याबाबत तो खोटं बोलत नव्हता. पण शब्द चुकला. तो चाकू वेंगर या कंपनीचा होता, आणि ‘ओरिजिनल’ म्हणवून घ्यायचा हक्क वेंगरला नव्हता. त्यांच्या वाट्याला ‘जेन्युइन’ आला होता.

मराठीत दोन्हीला आपण अस्सलच म्हणणार. स्वित्झर्लंडमध्ये मात्र या दोन शब्दांवर दोन कंपन्यांची वाटणी झाली होती. व्हिक्टोरिनॉक्सने ‘ओरिजिनल स्विस आर्मी नाइफ’ लिहायचं, वेंगरने ‘जेन्युइन स्विस आर्मी नाइफ’. भावाभावांत वाडा वाटताना मधे भिंत घालतात, तसं.

आधी आला व्हिक्टोरिनॉक्सचा संस्थापक कार्ल एल्सनर. श्वित्स परगण्यातल्या इबाख गावात 1884 साली त्याने चाकू-सुऱ्यांचा कारखाना काढला. त्याच सुमारास स्विस सैन्याला शिपायासाठी घडीचा चाकू हवा होता. नवी रायफल खोलायला स्क्रूड्रायव्हर पाहिजे, डबाबंद अन्न उघडायला काहीतरी पाहिजे, शिवाय एक पातं आणि भोक पाडायची एक आरी. गंमत अशी, की एवढे चाकू बनवण्याची ताकद तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये कुणाकडेच नव्हती. 1891 मध्ये आलेली पहिली 15,000 नगांची खेप जर्मनीतल्या झोलिंगेनची होती. म्हणजे पहिला ‘स्विस’ आर्मी चाकू जर्मन!

एल्सनरला हे झोंबलं. त्याने देशातले कारागीर गोळा करून संघ काढला आणि त्याच वर्षी सैन्याला माल द्यायला सुरुवात केली. पण जर्मन माल स्वस्त पडायचा. बाकीचे एकेक करून गळाले आणि हा दिवाळखोरीच्या काठावर आला. त्याला तारलं ते 1897 च्या चाकूने. त्यात एकाच स्प्रिंगवर मुठीच्या दोन्ही बाजूंना हत्यारं बसवायची युक्ती होती. तेवढ्याच जाडीत दुप्पट हत्यारं मावली, आणि एक छोटं पातं व बूच काढायचा मळसूत्री आकडा जास्तीचे आले. नाव ठेवलं ‘ऑफिसर आणि स्पोर्ट्स नाइफ’. सैन्याने तो अधिकृतपणे कधीच घेतला नाही. अधिकारी पदरचे पैसे घालून घ्यायचे. ज्या लाल चाकूला आपण आर्मीचा म्हणतो, तो मुळात दुकानातला चाकू. शिपायाच्या चाकूला आकडा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

कंपनीचं नाव मागाहून आलं. 1909 मध्ये एल्सनरची आई व्हिक्टोरिया वारली, तिचं नाव त्याने ब्रँडला दिलं. पुढे 1921 मध्ये न गंजणारं पोलाद वापरात आलं. त्याला फ्रेंचमधून आलेला छोटा शब्द ‘इनॉक्स’. आई अधिक पोलाद, झालं व्हिक्टोरिनॉक्स.

वेंगरची कथा फ्रेंच बोलणाऱ्या ज्युरा भागातली. तिथल्या एका चाकू कारखान्याला 1893 मध्ये सैन्याचं कंत्राट मिळालं. पुढे कारखाना देलेमाँ गावी गेला आणि मालकी थिओ वेंगरकडे आली. एक पुरवठादार जर्मन भाषेच्या भागातला, दुसरा फ्रेंच भाषेच्या. सरकारने 1908 मध्ये काम निम्मंनिम्मं वाटून टाकलं, म्हणजे कुणी कुरकुरायला नको. आपल्याकडच्या राजकारण्यांनाही हा तोडगा लगेच पटला असता.

आता हातात घेऊन ओळखायचं कसं? आधी मुठीवरचा क्रॉस बघा. व्हिक्टोरिनॉक्सचा क्रॉस ढालीत आहे, खाली निमुळती होणारी ढाल. वेंगरचा चौकोनात, आणि चौकोनाचे कोपरे गोलसर. नंतर लांबी. व्हिक्टोरिनॉक्सचा नेहमीचा चाकू 91 मिलिमीटर, वेंगरचा 85. पण लांबीवर फार विसंबू नका, कारण व्हिक्टोरिनॉक्स 84 मिलिमीटरचेही चाकू बनवते. मी स्वतः एकदा त्यात फसलोय.

खरी खूण डबा उघडायच्या पात्यात आहे. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं पुढे ढकलत पत्रा कापतं, आणि त्याच्या टोकाला बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर असतो. तो फुलीच्या स्क्रूलाही चालतो, माझ्या चष्म्याची काडी कितीदा त्यानेच घट्ट झालीय. वेंगरचं पातं नखासारखं वाकडं, पत्र्यात रुतवून आपल्याकडे ओढत न्यायचं. घरी कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यावर दोन्ही लावून पाहिले. सवय नसेल तर वेंगरचा पहिल्या दोन इंचांत वैताग येतो, मग हात बसतो.

कात्रीत मात्र माझं मत वेंगरकडे झुकतं. तिच्या पात्याला बारीक दाते असल्याने कागद किंवा दोरा निसटत नाही. व्हिक्टोरिनॉक्सच्या कात्रीत जी इवलीशी वेगळी स्प्रिंग असते, ती हमखास तुटते. काकांच्या चाकूतली कधीच गेली, आता कात्री बोटाने उघडावी लागते. स्प्रिंग वेगळी मिळते हे खरं, पण ती आणायचा मुहूर्त लागत नाही.

‘स्विस आर्मी नाइफ’ हे नाव दोघांपैकी कुणीच दिलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक हे चाकू भेट म्हणून घरी न्यायचे. ‘श्वाइत्सर ऑफित्सिर्समेसर’ हा जर्मन शब्द त्यांच्या जिभेला वळेना, म्हणून त्यांनी सरळ नाव पाडलं.

2001 च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर विमानतळांवर चाकूंची विक्री थांबली आणि दोघांनाही फटका बसला. व्हिक्टोरिनॉक्स तगली, वेंगर डळमळली, आणि 2005 मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगरच विकत घेतली. काही वर्षं दोन्ही नावं शेजारी शेजारी नांदली. 2013 मध्ये ठरलं की चाकूवरून वेंगर हे नाव काढायचं. ते नाव घड्याळं आणि बॅगांपुरतं ठेवलं, आणि वेंगरचे निवडक साचे व्हिक्टोरिनॉक्सच्या ‘देलेमाँ’ मालिकेत गेले. त्यामुळे एक नवाच घोळ झाला: 2014 नंतरचा 85 मिलिमीटरचा चाकू दिसायला वेंगर, अंगावर ढाल व्हिक्टोरिनॉक्सची.

शिपायाचा चाकूही बदलला. 1961 पासूनचा अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीचा चंदेरी चाकू दोन्ही कारखाने बनवत. कुणाचा ते कळायला पात्याच्या मुळाशी कोरलेलं नाव वाचावं लागतं. 2008 च्या मॉडेलला एका हाताने उघडणारं, अर्धं दातेरी पातं आहे, आणि तो फक्त व्हिक्टोरिनॉक्सचा.

जुन्या बाजारातल्या त्या चाकूचं नावही पात्याच्या मुळाशीच होतं. मळ खरवडल्यावर ‘वेंगर’ आणि ‘देलेमाँ’ ही अक्षरं उमटली. दीडशे रुपयांत जेन्युइन मिळाला. दातकोरणी तेवढी हरवलेली होती.